जोसेफिन बेकरची अट

वकिली करणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कोणताही कागद हाती आला की मायना, आभार, गोड शब्द हे सगळे ओलांडून त्याची नजर थेट अटी व शर्तींवर जाते. आज ज्या गायिकेविषयी आम्ही लिहीत आहोत तिच्यावर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले, तिच्या केळ्यांच्या घागऱ्याची छायाचित्रे जगभर फिरली. आम्हाला मात्र तिची खरी ओळख पटली ती तिने करारनाम्यात घातलेल्या एका अटीमुळे.

१९५१ च्या जानेवारीत अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, मायामी बीच येथील कोपा सिटी या बड्या नाइट क्लबात तिचा कार्यक्रम ठरत होता. मालक मोठी बिदागी द्यायला तयार होते. तिने आधी नकार कळवला. मग अट घातली. कार्यक्रमाला काळ्या माणसांना प्रवेश मिळाला पाहिजे आणि तो मागच्या दाराने किंवा वेगळ्या कठड्यामागे नव्हे, तर गोऱ्या प्रेक्षकांच्या बरोबरीने. हे मान्य नसेल तर ती गाणार नाही. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत शाळा, बस, पाण्याचा नळ, दवाखाना, सगळे काळ्यांसाठी वेगळे होते आणि कायदाच तसे सांगत होता. मालकांनी विचार केला, हिशेब केला आणि अट मान्य केली. मायामी बीचच्या त्या चकचकीत क्लबात काळी माणसे पाहुणे म्हणून टेबलाशी बसली. अमेरिकेच्या काँग्रेसने सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद कायद्याने बंद केला तो १९६४ साली. म्हणजे सरकारला जे करायला आणखी तेरा वर्षे लागली ते एका नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईने एका रात्रीपुरते, एका सभागृहापुरते, खासगी कराराच्या जोरावर करून दाखवले.

या बाईचे नाव जोसेफिन बेकर. आमच्या चळवळीने पँथर हे नाव अमेरिकेतील काळ्या बांधवांकडून घेतले, त्यांच्या कविता वाचल्या, मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांची नावे आमच्या पोरांच्या तोंडी आहेत. पण जोसेफिनचे नाव आमच्याकडे फारसे कोणी घेत नाही. ती नाच-गाण्यातली म्हणून असेल. ज्या समाजाच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या फडावर नाचायला लावले त्या समाजाला अशा बाईकडे बघताना संकोच वाटतो, हे आम्ही समजू शकतो. तरीही तिचे आयुष्य सांगितले पाहिजे असे आम्हाला वाटते.

तिचा जन्म ३ जून १९०६ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात झाला. पाळण्यातले नाव फ्रीडा जोसेफिन मॅक्डोनाल्ड. आई कॅरी लोकांचे कपडे धुऊन पोट भरत असे. बापाचा पत्ता नव्हता. आठव्या वर्षी पोरीला एका गोऱ्या बाईच्या घरी कामाला ठेवले. तिथे ती तळघरात कुत्र्याशेजारी झोपे. कपडे धुताना साबण जास्त वापरला म्हणून मालकिणीने तिचे हात उकळत्या पाण्यात बुडवले. वाचकांपैकी ज्यांच्या आया-आज्या वाड्यावर कामाला होत्या त्यांना यापुढचे वर्णन करून सांगायला नको.

ती अकरा वर्षांची असताना, जुलै १९१७ मध्ये, मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या काठावर ईस्ट सेंट लुईस या गावात गोऱ्या जमावाने काळ्यांची वस्ती पेटवली. कारखान्यांत काळे मजूर आले, आमची कामे गेली, असे निमित्त होते. घरांना बाहेरून आगी लावल्या, बाहेर पडणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. अधिकृत आकडा ३९ काळ्या माणसांच्या मृत्यूचा. प्रत्यक्षात माणसे त्याहून कितीतरी जास्त मेली असे तेव्हाही बोलले जात होते. बायका-पोरे गाठोडी घेऊन पुलावरून नदीच्या अलीकडे, जोसेफिनच्या शहरात आली. हे दृश्य तिच्या डोळ्यांतून कधी गेले नाही. पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत ती जगप्रसिद्ध होऊन सेंट लुईसला परतली आणि कील ऑडिटोरियममधील सभेत बोलायला उभी राहिली, तेव्हा तिने गाण्याच्या गोष्टी केल्या नाहीत. त्या आगीच्या गोष्टी केल्या.

तेराव्या वर्षी पहिले लग्न झाले, ते टिकले नाही. पंधराव्या वर्षी दुसरे झाले, तेही टिकले नाही, पण त्या नवऱ्याचे बेकर हे आडनाव तिने कायम ठेवले. फिरत्या नाटक कंपनीत कपडे सांभाळण्याचे काम करता करता ती रंगमंचावर घुसली. शफल अलाँग नावाचे काळ्या कलावंतांनीच उभे केलेले संगीत नाटक तेव्हा न्यूयॉर्क गाजवत होते. जोसेफिन तिथे गेली तर तिला नकार मिळाला. वय कमी, अंग बारीक आणि रंग जास्त काळा. त्या कोरसमध्ये उजळ वर्णाच्या मुली हव्या होत्या. काळ्यांनीच काळ्यांसाठी काढलेल्या कंपनीत रंगाची अशी उतरंड होती. आमच्या वाचकांना ही उतरंड समजावून सांगण्याची गरज नाही, पोटजातीचा प्रश्न आपल्याही अंगणात आहे. जोसेफिनने कपडेपटात नोकरी धरली, सगळी गाणी-नाच पाठ केले आणि एक मुलगी आजारी पडताच तिची जागा घेतली. रांगेच्या टोकाला उभी राहून ती मुद्दाम चुकायची, डोळे तिरळे करायची, गुडघे वेडेवाकडे फेकायची. प्रेक्षक रांग सोडून तिच्याकडेच बघू लागले.

१९२५ च्या सप्टेंबरात काळ्या कलावंतांचा एक जथा जहाजाने फ्रान्सला निघाला, त्यात एकोणीस वर्षांची जोसेफिन होती. २ ऑक्टोबर १९२५ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझे थिएटरात त्यांचा पहिला खेळ झाला आणि दुसऱ्या दिवसापासून पॅरिसमध्ये तिच्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

इथे आम्हाला थोडे थांबायचे आहे. पॅरिसने तिला डोक्यावर घेतले हे खरे. पॅरिसच्या हॉटेलात ती समोरच्या दाराने शिरू शकली, कोणाच्याही शेजारी बसून कॉफी पिऊ शकली, हेही खरे, आणि अमेरिकेतून आलेल्या मुलीसाठी ते लहान नव्हते. पण पॅरिसने नेमके काय डोक्यावर घेतले? तिने आफ्रिका पाहिलीसुद्धा नव्हती. ती सेंट लुईसच्या चाळीतली, जॅझवर वाढलेली शहरी पोर. तिला पिसे बांधून रानटी नाच नाचायला लावला. १९२६ साली फोली बर्जेर या थिएटरात तिच्या कमरेला केळी बांधली. गोऱ्या माणसाच्या मनात जंगलातल्या बाईची जी कल्पना होती ती त्याने तिच्या अंगावर चढवली आणि मग त्याच कल्पनेवर टाळ्या वाजवल्या. आमचे काही मित्र यावरून तिला बाद करतात. आम्ही करत नाही. तिने त्या नाचात टिंगल मिसळली होती. तिरळे डोळे, फुगवलेले गाल, मध्येच माकडचेष्टा. पाहणारा भारावून जाईल तोच ती त्याला हसवून मोकळी होई. पण टिंगल केली म्हणून केळी गळून पडत नाहीत, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे म्हणू. तो घागरा तिला मरेपर्यंत चिकटला.

युरोपातला दुसरा कोपरा तर याहून कडवा निघाला. १९२८ साली ती व्हिएन्नाला गेली तेव्हा पाद्र्यांनी तिच्याविरुद्ध प्रवचने दिली आणि चर्चच्या घंटा वाजवून लोकांना सावध केले. म्युनिकने तिच्या कार्यक्रमावर बंदी घातली. चार-पाच वर्षांनी त्याच प्रदेशात कोण सत्तेवर आले हे सांगायला नको.

आता तिच्या गाण्याविषयी. पॅरिसमध्ये आली तेव्हा ती गायिका नव्हतीच. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर आवाज बारीक, चिमणीसारखा, इकडून तिकडे उडणारा आहे. तिचा व्यवस्थापक आणि जोडीदार पेपितो आबातिनो याने ओळखले की नाचाला वय असते. त्याने तिला शिक्षक लावले. फ्रेंच भाषा, गायन, रंगमंचावर चालणे-बोलणे, सगळे ती नव्याने शिकली. १९३० साली काझिनो द पारी या थिएटरात ती उतरली ती पूर्ण कपड्यांत, गायिका म्हणून. व्हँसाँ स्कोतो या संगीतकाराने तिच्यासाठी जे द्यो झामूर हे गाणे बांधले. माझी दोन प्रेमे, असा त्या नावाचा अर्थ. एक आपला देश आणि दुसरे पॅरिस. चाल अगदी साधी, कोणालाही गुणगुणता येईल अशी. ते तिचे ओळखगीत झाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ती ते गात राहिली आणि आवाज वयाबरोबर खाली उतरत, भरत गेला, तसे तेच गाणे प्रत्येक दशकात वेगळे ऐकू येते. पुढे तिने शब्दांत किंचित बदल केला. मूळ गाण्यात देश आणि पॅरिस ही दोन प्रेमे होती, नंतर ती पॅरिस हाच माझा देश अशा अर्थाने गाऊ लागली. एवढ्याशा बदलात अमेरिकेविरुद्धची केवढी मोठी फिर्याद आहे!

पण फ्रेंचांच्या प्रेमालाही कुंपण होते, ते तिच्या चित्रपटांत दिसते. १९३४ च्या झूझू चित्रपटात ती नायिका आहे, समोर झाँ गाबँ हा मोठा नट. ती त्याच्यावर जीव टाकते आणि तो शेवटी तिच्या गोऱ्या मैत्रिणीकडे जातो. पुढच्याच वर्षीच्या प्रिन्सेस ताम-तामची गतही तीच. पडद्यावर काळी नायिका गाऊ शकते, हसवू शकते, चित्रपट खांद्यावर पेलू शकते. नायक मात्र तिचा होत नाही. झूझूमध्ये तिला एका प्रचंड पिंजऱ्यात पक्ष्यासारखे बसवले आहे आणि ती तिथून हैतीची आठवण काढणारे गाणे गाते. हैती म्हणजे तो देश, जिथल्या गुलामांनी फ्रेंच फौजेला हरवून १८०४ साली स्वातंत्र्य जाहीर केले! त्याच देशाचे नाव एका काळ्या बाईने पॅरिसच्या सोनेरी पिंजऱ्यातून आळवायचे. दिग्दर्शकाला यातले काही जाणवले असेल असे आम्हाला वाटत नाही.

१९३६ साली ती न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड फॉलीज या बड्या खेळात काम करायला मायदेशी गेली. पॅरिसची राणी तिथे पोहोचली आणि पुन्हा एक काळी पोर झाली. वर्तमानपत्रांनी तिची हेटाळणी केली. हॉटेलात तिने नोकरांच्या दाराने ये-जा करावी अशी अपेक्षा होती. ती परत फ्रान्सला आली आणि ३० नोव्हेंबर १९३७ रोजी झाँ लियाँ या ज्यू व्यावसायिकाशी लग्न करून फ्रेंच नागरिक झाली. लग्न काही वर्षांत मोडले, नागरिकत्व राहिले. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा झाक आब्ते या फ्रेंच गुप्तहेर अधिकाऱ्याने तिला गाठले. नाचणारी बाई भरवशाची नसते, असा समज त्याच्याही मनात होता. त्याचे मत पहिल्याच भेटीत बदलले. इटली आणि जपानच्या वकिलातींतील मेजवान्यांना तिला मानाने बोलावणे असे. तिथे जे कानावर पडेल ते ती आब्तेला पोहोचवू लागली. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. दोर्दोन्य भागातील ले मिलांद या तिच्या गढीत प्रतिकाराचे लोक आश्रयाला राहिले. मग ती दौऱ्याच्या निमित्ताने स्पेनमार्गे पोर्तुगालला निघाली. आब्ते तिचा सचिव बनून बरोबर होता. तिच्या सामानातील गाण्यांच्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने जर्मन फौजांची माहिती लिहिलेली होती. छायाचित्रे तिने अंतर्वस्त्रात टाचून नेली. सीमेवरचे शिपाई तिची झडती घ्यायच्याऐवजी सही मागत. ज्या प्रसिद्धीने तिला केळी नेसवली होती त्याच प्रसिद्धीचा तिने असा वापर केला, याचे आम्हाला मोठे अप्रूप वाटते.

१९४१ साली ती मोरोक्कोत पोहोचली आणि तिथे भयंकर आजारी पडली. कासाब्लांकाच्या दवाखान्यात तिने जवळजवळ दीड वर्ष काढले, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, गर्भाशय गमवावे लागले. अमेरिकेतील वर्तमानपत्रांनी तर तिच्या मृत्यूची बातमीही छापली. बरी होताच ती उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सैनिकांपुढे गात फिरली. स्वतंत्र फ्रान्सच्या हवाई दलाच्या महिला विभागात तिला अधिकारीपद मिळाले. जनरल द गोल यांनी दिलेला सोन्याचा छोटा क्रूस तिने लिलावात विकून पैसे प्रतिकार चळवळीला दिले. युद्धानंतर प्रतिकाराचे पदक मिळाले, पुढे क्र्वा द गेर आणि लेजियाँ दोनर हे सन्मान मिळाले. गणवेशावर ही पदके लावलेली तिची छायाचित्रे आहेत. आमच्या मते केळ्यांच्या छायाचित्राशेजारी ही छायाचित्रे लावल्याशिवाय ते छायाचित्र कोणी छापू नये.

आता पुन्हा अमेरिका. १९४८ साली ती आपला गोरा नवरा, वाद्यवृंदकार झो बुइयाँ याच्यासह न्यूयॉर्कला आली. खोलीसाठी दोघे फिरले. ३६ हॉटेलांनी नकार दिला. जोसेफिन बेकर, युद्धात पदके मिळवलेली, युरोपभर गाजलेली, आणि रात्री पाठ टेकायला जागा नाही. बडोद्यात परदेशी पदव्या घेऊन उतरलेल्या बाबासाहेबांना झाडाखाली बसून रडावे लागले होते, तो प्रसंग आमच्या घराघरात माहीत आहे. पदवीने, पदकाने, कीर्तीने जात धुऊन निघत नाही आणि वर्णही निघत नाही. या अपमानानंतर तिने एक वेगळेच काम केले. नाव बदलून, साध्या कपड्यांत ती दक्षिणेच्या राज्यांत फिरली. सामान्य काळ्या बाईला बसमध्ये, दुकानात, स्टेशनवर कसे वागवतात ते स्वतः भोगून पाहिले आणि फ्रेंच वर्तमानपत्रात लिहिले. सुरुवातीला सांगितलेली अट या अनुभवातून आलेली आहे. कोपा सिटीनंतर जिथे जिथे बोलावणे आले तिथे ती हीच अट घालत गेली. कुठे मान्य झाली, कुठे दौराच रद्द झाला. मोठी रक्कम सोडून ती निघून आली असे अनेकदा घडले. १९५१ च्या २० मे रोजी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत तिच्या नावाचा दिवस साजरा केला. रस्त्यांवर लाखभर माणसे आली होती असे सांगतात.

त्याच वर्षीच्या १६ ऑक्टोबरला जे घडले ते वकील म्हणून आम्हाला सर्वांत जास्त छळते. न्यूयॉर्कमधील स्टॉर्क क्लब हे श्रीमंतांचे प्रसिद्ध ठिकाण. जोसेफिन मित्रांबरोबर तिथे जेवायला गेली. तिला कोणी अडवले नाही. टेबल दिले. जेवणाची ऑर्डर घेतली. इतरांचे जेवण आले, तिचे आले नाही. विचारले की शोधतो आहोत, बघतो आहोत, संपले आहे. तास उलटला तरी ताटली आली नाही. न्यूयॉर्क हे दक्षिणेतले राज्य नव्हते. तिथे सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई करणारा राज्याचा कायदा एकोणिसाव्या शतकापासून होता. पण कायद्याला पुरावा लागतो. नकार कोणी तोंडाने उच्चारलाच नाही, तर तो साक्षीदाराने ऐकायचा कसा? न आलेली ताटली मुद्देमाल म्हणून कोर्टात हजर करता येत नाही. आपल्या शहरांत भाड्याने घर बघायला गेलेल्या आमच्या तरुणांना हे पाठ आहे. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते, सांगितल्यावर कळते की कालच गेली. आमच्या कार्यालयात अशी प्रकरणे घेऊन पोरे येतात आणि आम्ही त्यांना विचारतो, काय म्हणाला तो? ते सांगतात, काहीच नाही म्हणाला.

जोसेफिन गप्प बसली नाही. तक्रार केली, क्लबबाहेर निदर्शने झाली, पोलिसांची चौकशी बसली. चौकशीत भेदभावाचा पुरावा आढळला नाही. वॉल्टर विंचेल नावाचा अमेरिकेतील सर्वांत वजनदार स्तंभलेखक त्या रात्री क्लबात होता. त्याने मदत केली नाही असे तिने जाहीरपणे म्हटले. तो चवताळला आणि वर्तमानपत्रातून, रेडिओवरून तिच्यावर तुटून पडला. ती कम्युनिस्ट आहे, देशद्रोही आहे, असे आरोप केले. त्या काळच्या अमेरिकेत हा आरोप म्हणजे कलावंताच्या पोटावर पाय. तिचे कार्यक्रम रद्द होऊ लागले, एफबीआयने तिच्या नावाची फाईल उघडली. तिने विंचेलवर दावा लावला, त्यातून काही निष्पन्न झाले नाही. एका ताटलीची किंमत तिने अमेरिकेतील आपल्या जवळजवळ सगळ्या धंद्याने मोजली.

२८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टनचा तो ऐतिहासिक मोर्चा, अडीच लाख माणसे. व्यासपीठावरून बोलू दिलेल्या स्त्रिया हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यांत जोसेफिन. सत्तावन्न वर्षांची ती फ्रेंच हवाई दलाचा गणवेश घालून, पदके लावून उभी राहिली. राजांच्या आणि राष्ट्राध्यक्षांच्या घरात मी शिरू शकले, पण अमेरिकेतल्या हॉटेलात शिरून मला एक कप कॉफी मिळाली नाही, अशा आशयाचे ती बोलली. ती गायली नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांचे अजरामर भाषण त्याच दुपारचे. मोर्च्यातील स्त्रियांना मागे ठेवले गेले याची चर्चा अमेरिकेत आज होते. ती चर्चा आपल्या चळवळीतही व्हायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा.

आता तिच्या आयुष्यातील ज्या गोष्टीविषयी आमचे मन द्विधा आहे तिच्याकडे येतो. १९५४ पासून तिने वेगवेगळ्या देशांतून, वंशांतून बारा मुले दत्तक घेतली. जपान, फिनलंड, कोलंबिया, अल्जीरिया, आयव्हरी कोस्ट. दहा मुलगे, दोन मुली. त्यांना ती इंद्रधनुषी टोळी म्हणे. वंश वेगळे असले तरी माणसे भावंडांसारखी राहू शकतात हे तिला जगाला दाखवायचे होते. हेतूबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण दाखवायचे होते, हाच घोटाळा. ले मिलांदच्या गढीत पर्यटक तिकीट काढून येत आणि ही मुले त्यांच्या नजरेसमोर खेळत. शिवाय कोणाचा धर्म कोणता हे तिने ठरवून दिले. हा बौद्ध, हा ज्यू, हा मुसलमान, हा कॅथलिक. जन्मावरून शिक्का मारण्याविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या बाईने आपल्या घरात मुलांना जन्माच्या अंदाजावरून धर्म वाटले. तिला ही विसंगती दिसली नाही. नवरा वैतागून निघून गेला. पण तिने मुले टाकली नाहीत. त्यांच्यासाठी, गढीसाठी, कर्जासाठी ती म्हातारपणी पुन्हा रंगमंचावर उभी राहत गेली, हेही तितकेच खरे.

कर्ज फिटले नाही. १९६८ साली गढी लिलावात गेली आणि १९६९ च्या मार्चमध्ये ताबा घेणाऱ्यांनी तिला बाहेर काढले. स्वयंपाकघराच्या पायरीवर, पावसात, डोक्याला टोपी बांधून, अंगावर पांघरूण घेऊन अनवाणी बसलेली म्हातारी, हे तिचे छायाचित्र आम्ही विसरू शकत नाही. मोनॅकोची प्रिन्सेस ग्रेस केली हिने पुढे तिला मुलांसह राहायला जवळच एक घर मिळवून दिले.

१९७३ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती गायला आली. एक शब्द गायच्या आधीच सारे सभागृह उभे राहिले आणि ती रडली. १९७५ च्या ८ एप्रिलला पॅरिसच्या बोबिनो थिएटरात तिच्या पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचा खेळ सुरू झाला. वय अडुसष्ट. तिकिटे मिळत नव्हती. दोनच दिवसांनी ती अंथरुणात बेशुद्ध सापडली, अवतीभोवती स्वतःच्या स्तुतीची वर्तमानपत्रे पसरलेली. १२ एप्रिल १९७५ रोजी तिचे निधन झाले. माद्लेन चर्चमध्ये लष्करी इतमामात अंत्यविधी झाला, रस्त्यांवर हजारो माणसे होती. दफन मोनॅकोत झाले.

फ्रान्सने आपल्या थोर माणसांसाठी पॅरिसमध्ये पँथिऑन ही वास्तू राखून ठेवली आहे. व्होल्तेर, रूसो, ह्यूगो, मेरी क्युरी तिथे आहेत. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे तिच्या फ्रेंच नागरिकत्वाच्या तारखेलाच, जोसेफिन बेकरला तिथे जागा देण्यात आली. तो मान मिळवणारी ती पहिली काळी स्त्री आणि एकूण सहावी स्त्री. हवाई दलाच्या जवानांनी पेटी खांद्यावरून नेली. पेटीत देह नव्हता, तो मुलांच्या इच्छेनुसार मोनॅकोतच राहिला. पेटीत चार ठिकाणची माती होती. पॅरिसची, ले मिलांदची, मोनॅकोची आणि सेंट लुईसची.